चाळीस ठोक्यांची बुडी

घड्याळजीला उचकी लागली ती एका शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण दुकानात त्या क्षणी त्रेचाळीस घड्याळं चालू होती आणि त्यांतली एकेचाळीस तरी खरं बोलत होती. पहिल्या उचकीला बायको आतून म्हणाली, "कोणीतरी आठवण काढतंय." दहावीला म्हणाली, "फारच काढतंय." दिवेलागणीला मात्र तिचा सूर बदलला. "कोण आहे ती, एकदा नाव घेऊन टाका म्हणजे थांबेल."

त्याने नावं घेतली. आई, मावश्या, चुलते, शाळेतले मास्तर, जुनी गिऱ्हाइकं, जिते आणि गेलेले, सगळे झाले. उचकी हलली नाही. मिनिटाला नऊ, ना एक कमी ना एक जास्त. असं इमानदार यंत्र त्याने उभ्या जन्मात दुरुस्त केलं नव्हतं.

साखर झाली, नाक दाबून पाणी पिऊन झालं. मेहुण्याने पाठीमागे येऊन कागदाची पिशवी फोडली, तेव्हा घड्याळजी दचकला, मेहुणा स्वतः दचकला, शेजारच्या मांजराने तर गल्ली सोडली ती कायमची. उचकी तेवढी जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी त्याला गाढ झोप लागू लागली आणि तो झोपेत उचक्या देऊ लागला.

आता उचकीने माणूस मरत नाही. पण घड्याळजीचं काम म्हणजे श्वास धरून करायचं काम. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात केसाहून बारीक हेअरस्प्रिंग. तिथे कोणी जवळून शिंकलं तरी आठवड्याची मेहनत उडून जाते. तिसऱ्या दिवशी अशीच एक स्प्रिंग उडाली ती थेट समोर बसलेल्या म्हाताऱ्या कारकुनाच्या चहात पडली. त्याने ती पिऊन टाकली. तेव्हापासून कारकून रोज पहाटे पावणेसहाला ठोक्यावर उठतो, सुट्टीच्या दिवशीही, आणि घड्याळजीला दोष देतो. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरच्या अकरा घड्याळांचे लंबक उचकीच्या तालावर डोलू लागले. ते पाहायला लोक येत, मान हलवत आणि दुरुस्तीला आणलेलं घड्याळ न देताच परत जात.

एकेचाळीस दिवस झाले. बत्तीस वर्षं ज्या छोट्या लेथवर त्याने चाकांचे आस घासले, जिच्या दांडीला त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता, ती लेथ, चिमटे, भिंगं, सगळं येत्या सोमवारी परगावचा एक घड्याळजी येऊन घेऊन जाणार होता. शब्द दिला गेला होता. हत्यारं गंजण्यापेक्षा कोणाच्या तरी हातात चालती राहिलेली बरी.

"मग तुम्ही काय करणार?" बायकोने विचारलं. ती शाळेत तिसरीला शिकवायची आणि नवऱ्यालाही बहुधा त्याच वर्गात धरायची.

"बॅटऱ्या बदलीन," तो म्हणाला. दुसऱ्या कोणी 'भीक मागेन' म्हणावं, त्या आवाजात.

तिने भांडी जरा जोरात ठेवली, एवढंच.

माणूस अडला की आपल्या धंद्याच्या वाटेनेच सुटू पाहतो. घड्याळ बिघडलं की जाणता कारागीर ते सहा अंगांनी तपासतो: चित, पालथं, चावी वर, चावी खाली, चावी डावीकडे, चावी उजवीकडे. कुठल्या अंगावर ते पुढे जातं, कुठल्या अंगावर मागे पडतं, ते लिहून काढलं की रोग सापडतो. घड्याळजीने गुरुवारी दार लोटून स्वतःला तपासायला घेतलं. चित निजून नऊ. पालथा निजून नऊ. डाव्या कुशीवर नऊ, उजव्या कुशीवर साडेआठ. उभ्याने नऊ. सहाव्या अंगासाठी भिंतीला पाय लावून तो डोक्यावर उभा राहिला आणि नेमकी तेव्हाच बायको दार उघडून आत आली.

तिने उलट्या नवऱ्याकडे शांतपणे पाहिलं. "किती झाल्या?"

"साडे... नऊ."

"मग उतरा. डोकं वर असतानाच बरा चालता तुम्ही."

सहा अंगं झाली की उरते गरमी आणि थंडी. घड्याळ उबेत कसं चालतं, गारठ्यात कसं चालतं, हे पाहिल्याशिवाय खरा कारागीर ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. तो दोन गोधड्या पांघरून चुलीपाशी बसला. मिनिटाला दहा. मग नळाच्या गार पाण्याच्या पिंपात गळ्यापर्यंत बसला. आठ. त्याने पुन्हा मोजलं. आठच.

बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा त्या उचकीने कोणाचं तरी ऐकलं होतं.

ही गोष्ट तो फक्त सलूनवाल्याशी बोलला, आणि सलूनवाल्याशी बोललेली गोष्ट म्हणजे चौकात लावलेला भोंगा. त्यातून या सलूनवाल्याला वर्षभरापासून गार पाण्याचं वेड लागलं होतं. लोक त्याला बुडीमास्तर म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याशी फडकं आवळलं गेलं की प्रवचन सुरू. वस्तरा मानेवर असल्यामुळे सहसा कोणी वाद घालत नसे.

"गुडघे, पाठ, झोप, पचन, राग," बुडीमास्तर बोटांवर मोजत म्हणाला, "सगळ्याला एकच औषध. माझ्या साडूच्या पोटातला खडा गार पाण्याने विरघळला. आत्याबाईंची नजर अशी सुधारली की चष्मा काढला तर त्यांना भिंतीपलीकडचं दिसायला लागलं, शेवटी शेजाऱ्यांनीच हात जोडून पुन्हा घालायला लावला. आणि हे बघा." त्याने आपलं टक्कल पुढे केलं. "तीन केस आलेत."

"एक... आधीपासून होता."

"दोन तर नवे आहेत ना? घड्याळजी, पिंपाने आठवर आणलंय तर बर्फाचं पाणी शून्यावर आणेल. सरळ गणित आहे."

गणित सरळ नव्हतं आणि घड्याळजीला ते कळत होतं. पण सोमवार चार दिवसांवर होता.

बर्फाचा कारखाना मेहुण्याच्या ताब्यात होता, म्हणजे तो तिथे फोरमन होता. कारखान्यात मिठाच्या पाण्याची एक मोठी टाकी, वर लोखंडी झाकणं, आत शेकडो उभे डबे. मिठाचं पाणी शून्याखाली दहा अंशांवर असतं तरी गोठत नाही. डब्यांतलं साधं पाणी मात्र गोठून त्याची लादी होते. लादी डब्याला चिकटून बसते, म्हणून तो डबा बाजूच्या साध्या पाण्याच्या टाकीत बुडवायचा. कडा सुटल्या की लादी घसरून बाहेर. दिवसभर त्या टाकीत बर्फ बुडत असल्यामुळे तिचं पाणीही हाडं वाजवणारं असतं. पण कारखान्यातली माणसं तिला 'ऊन टाकी' म्हणतात. शेजार कोणाचा आहे, त्यावर सगळं असतं.

"दाजी, वेडे झालात का?" मेहुणा म्हणाला. "त्या पाण्यात माझा पाना पडला तर आम्ही चिमट्याने काढतो."

"रविवारी दुपारी टाकी... मोकळी असते ना?"

"असते. पण ताई मला कापून काढेल."

ताई मागेच उभी होती. "कापणार नाही. मी येणार आहे बरोबर. कुंकू पुसायचंच असेल तर माझ्या डोळ्यांदेखत पुसू दे."

रविवारी दुपारी चौघं कारखान्यात जमले. यंत्रं घरघरत होती, वरच्या नळांवर पांढरं दव गोठलेलं होतं, आणि बोलताना प्रत्येकाच्या तोंडून वाफ निघत होती. बुडीमास्तरच्या तोंडून सगळ्यांत जास्त. ठरलं असं: गळ्यापर्यंत उतरायचं, श्वास जागेवर आला की डोकं बुडवायचं. घड्याळजी आत स्वतःचे ठोके मोजणार. शांत बसला की त्याच्या नाडीचे मिनिटाला बहात्तर ठोके पडत, तीस वर्षं तेवढेच, कितीदा तरी ताडून पाहिलेले. चाळीस ठोके झाले की वर यायचं. म्हणजे अर्ध्या मिनिटाहून किंचित जास्त. आणि तो चुकलाच, तर बाहेरच्यांनी पूर्ण मिनिट होताच ओढून काढायचं. त्यासाठी त्याने खिशातलं आपलं घड्याळ काढलं. स्वतः बांधलेलं, महिन्यात दोन सेकंदही न चुकणारं. सगळ्यांना दिसावं म्हणून ते त्याने शेजारच्या लोखंडी झाकणावर ठेवलं.

इथे थांबून एक सांगायला हवं. थंडीने घड्याळाचं तेल घट्ट होतं आणि ते थबकतं, हे त्या गावात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. तोच माणूस सदरा काढून टाकीत उतरत होता. वैद्य स्वतःची नाडी बघताना घसरतो तो असा.

पाणी कमरेला लागलं तेव्हा त्याला गार वाटलंच नाही. भाजलं. गळ्यापर्यंत आलं तेव्हा श्वास नावाची गोष्ट जगातून उठून गेली. तो तोंड उघडत होता आणि आत काहीच जात नव्हतं. छातीत एक स्वस्तातलं गजराचं घड्याळ टेबलावरून पडल्यासारखं बडबडत होतं. मेहुण्याचा हात पुढे आला, त्याने मान हलवली. हळूहळू एक घोट हवा मिळाली, मग दुसरा. उचकी आली. तिच्या पाठोपाठ त्याने छाती भरून घेतली आणि डोकं बुडवलं.

यंत्रांची घरघर पुसली गेली. बत्तीस वर्षं त्रेचाळीस घड्याळांच्या सोबतीत काढलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा शांतता ऐकू आली. डोळ्यांसमोर हिरवट काळोख, आणि त्या काळोखात एकच आवाज. त्याचा स्वतःचा.

एक, दोन, तीन, चार, भराभर. एक उचकी आली, तोंडातून बुडबुडा सुटला. दहा, अकरा. पुन्हा उचकी, पुन्हा बुडबुडा. आणि मग, घड्याळ सावकाश करायला सरकवतात तसा, कोणीतरी लंबकाचा गोळा हलकेच खाली सरकवला.

बारा.

तेरा.

घड्याळजी सगळं विसरला. त्याच्या ओळखीची सगळी घड्याळं अशा गारठ्यात एक तर पळतात नाही तर बंद पडतात. हे दोन्ही करत नव्हतं. हे शहाणं झालं होतं. पडणारा प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा उशिरा आणि आधीच्यापेक्षा भरदार पडत होता. सुरुवातीला भिंतीवरच्या घड्याळासारखा, मग मनोऱ्यावरच्या घड्याळासारखा, मग एवढ्या मोठ्या कशासारखा तरी की त्याचं चाक कुठल्या छताखाली मावलं नसतं. बोटं कधीच गेली होती. आता हात गेले, पाय गेले. त्याला भीती वाटली नाही. सामसूम झाल्यावर घरातली शहाणी बाई एकेका खोलीचा दिवा मालवत येते आणि स्वयंपाकघरातला तेवढा ठेवते, तसं कोणीतरी त्याच्या अंगात फिरत होतं. हे कोणी शिकवलं होतं? कोणी न सांगता, कोणी चावी न देता, पन्नास वर्षांत एकदाही न उघडलेलं हे यंत्र स्वतःला लावून घेत होतं, आणि तो आतमध्ये बसून फक्त ऐकत होता, शिकाऊ पोरासारखा.

एकवीस. बावीस.

उचकी कुठे गेली ते त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याला कुठलीही घाई उरली नव्हती. ठरल्याप्रमाणे चाळीस ठोके व्हायचे होते, आणि गिऱ्हाइकाला दिलेली वेळ त्याने कधी चुकवली नव्हती.

सदतीस.

अडतीस.

एकोणचाळिसावा ठोका पडायच्या आत त्याचा डावा कान कोणीतरी पकडला आणि तो कानाच्या आधाराने वर आला.

"अहो," बायको ओरडत नव्हती, तिच्याने ओरडवत नव्हतं. "अहो, बघा माझ्याकडे."

"दोन... राहिले होते," तो दातांच्या कडकडाटातून म्हणाला.

मेहुण्याने त्याला गोधडीत गुंडाळलं, बुडीमास्तर पाय चोळू लागला. मग कळलं ते असं. बाहेर मेहुणा आणि बुडीमास्तर घड्याळाकडे डोळे लावून बसले होते. सेकंदकाटा छत्तिसावर आला आणि तिथे टेकला. तेल गोठलं होतं. बुडीमास्तरला वाटलं, अजून चोवीस सेकंद आहेत. मेहुण्यालाही तेच वाटलं. दोघं मोठ्या श्रद्धेने न हलणाऱ्या काट्याकडे बघत राहिले. घड्याळजीच्या घड्याळावर अविश्वास दाखवून मनगटावरचं कोण बघणार?

बायको घड्याळाकडे बघतच नव्हती. ती पाण्याकडे बघत होती. बेचाळीस दिवसांवर आणखी तीन दिवस जी उचकी मोजून तिने दूध उतू जाऊ दिलं नव्हतं, कुकरच्या शिट्ट्या ताडून पाहिल्या होत्या, तिचा तिसरा बुडबुडा आला नाही. घाबरली की ती पाढे म्हणते. तिने एकोणतीसचा पाढा सुरू केला, संपवला, पुन्हा पहिल्यापासून धरला, आणि 'एकोणतीस पाचे' ला येऊन तिचा हात पाण्यात गेला.

"किती वेळ झाला असेल?" मेहुण्याने विचारलं.

"दीड पाढा," ती म्हणाली.

मग उचकीची वाट बघणं सुरू झालं. गोधडीतला माणूस गप्प बसला होता आणि सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होते. दहा सेकंद. वीस. यंत्रं घरघरत होती. पूर्ण मिनिट गेलं, त्याने ते मेहुण्याच्या मनगटी घड्याळावर मोजलं. आणखी एक गेलं. बायकोने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि ती खाली ओल्या फरशीवर बसली.

त्या संध्याकाळी बुडीमास्तरने दीड पाढ्याची पाच मिनिटं केली. दिवे लागेतो त्याची पंधरा झाली. सोमवारी सकाळी दूध आणायला गेलेल्या बायकोला कळलं की तिचा नवरा लादीत गोठला होता आणि मेहुण्याने त्याला करवतीने कापून काढलं, तेही पाठीचा कणा न दुखावता. कारखान्याच्या फाटकावर सात माणसं पंचे घेऊन उभी होती. एकाला संधिवात, एकाला कर्जाची काळजी, एकीला सून नको होती. मेहुण्याने पाटी लावली: टाकी बर्फासाठी आहे.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळजीला तपासलं आणि कानांतली नळी काढली. "तोंड गार पाण्यात आणि श्वास धरलेला असला की हृदय सावकाश होतं. सगळ्यांचंच. त्या धक्क्याने उचकी थांबली असेल, किंवा ती आपोआप थांबायला आली असेल. मी छातीठोक सांगणार नाही. खडे विरघळणं, केस उगवणं, त्यातलं मला काही दिसलेलं नाही. पण त्या टाकीत पुन्हा उतरलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. असं करताना एखाद्याचा ठोका चुकतो तो परत येत नाही. एवढंच करायचं होतं, तर घरी बसून बादलीत तोंड घालायचं होतं."

"बादलीत?" बायको म्हणाली.

"बादलीत."

बायकोने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला तिसरीचा वर्ग चांगला ओळखत असावा.

सोमवारी अकराच्या सुमाराला परगावचा घड्याळजी आला. उंच, ओढलेला, मोठ्या पांढऱ्या मिशांचा. बरोबर गवत भरलेली लाकडी पेटी, लेथ नेण्यासाठी. दारातच तो थांबला, कारण आतला माणूस भिंग लावून वाकला होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंचं मनगटी घड्याळ चाळीस दिवस उघडं पडलेलं होतं. चिमट्यात हेअरस्प्रिंग होती. परगावकराने पाऊल उचललं नाही, श्वासही घेतला नाही. ते शिष्टाचार त्याला कोणी सांगायला नकोत. स्प्रिंग जागेवर उतरली, खिटी बसली, बॅलन्सचं चाक एकदा शहारलं आणि डुलू लागलं.

"हात माझ्याहून स्थिर आहे तुमचा," परगावकर म्हणाला.

"लेथ देता येणार नाही. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, माफ करा."

"हेलपाट्याचं सोडा." त्याने पेटी खाली ठेवली आणि तो तिच्यावरच बसला. "ते करवतीचं खरं का?"

"नाही."

"वाटलंच. मग खरं काय?"

घड्याळजीने सांगितलं. चाळीस ठोक्यांचं सांगितलं, गोळा खाली सरकल्याचं सांगितलं, दिवे मालवत येणाऱ्या बाईचंही सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा बारीक झाला. परगावकराने सगळं ऐकून घेतलं आणि मिशा चाचपल्या.

"गारठ्यात सावकाश होणारं आणि बंद न पडणारं यंत्र," तो म्हणाला. "मी पाहिल्याशिवाय मानणार नाही."

"बसल्या जागी दाखवतो. छातीचं काही दुखणं?"

"गुडघ्यांचं आहे."

"गुडघे बाहेरच राहतील."

बायकोने बादली आणली. मेहुण्याने सकाळीच बर्फाचा एक तुकडा पाठवला होता, तो फोडून तिने त्यात टाकला आणि ती दाराला टेकून उभी राहिली, कोणाचाही कान धरायच्या तयारीत. घड्याळजीने पाहुण्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, दुसऱ्या हातात सेकंदकाट्याचं चालतं घड्याळ घेतलं. परगावकराने श्वास भरला आणि मिशांसकट तोंड पाण्यात घातलं.

आधी ठोके पळाले. मग बोटांखाली तेच घडू लागलं. एक ठोका, मग एक थांबणं, इतकं लांब की घड्याळजीचा स्वतःचा श्वास अडकला, मग दुसरा, खोल, निवांत. दुकानातली त्रेचाळीस घड्याळं आपापल्या घाईत टिकटिकत होती आणि त्यांच्या मधोमध एका अनोळखी म्हाताऱ्याच्या मनगटात ते मोठं चाक फिरत होतं. म्हणजे ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या आत ते बसवलेलं होतं, कारकुनाच्या, नर्सबाईंच्या, दाराशी उभ्या असलेल्या बायकोच्या, आणि कोणी म्हणजे कोणी झाकण उघडून बघितलं नव्हतं.

परगावकर वर आला. मिशांवरून पाणी गळत होतं. त्याने त्या निपटल्या, श्वास जागेवर येऊ दिला.

"कोणी बांधलंय हे?" शेवटी त्याने विचारलं.

"नाव नाही कुठे त्याच्यावर."

"आणि इतकी वर्षं आपण लोकांची मनगटं हातात घेऊन वरचीच घड्याळं बघत बसलो."

त्याने बाहीने डोळे पुसले, पेटी पायाने बाजूला सारली आणि बादली जवळ ओढली.

"बोटं काढू नका," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा श्वास भरून घेतला.